डोंगरी नाशिकचे जुने टोपोशीट कसे वाचावे

नाशिक शहर कोणत्या टोपोशीटवर, म्हणजे स्थलदर्शक नकाशाच्या कोणत्या पानावर आहे, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. विसावा अक्षांश शहराच्या मधून जातो आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या मांडणीत कागदाची कड नेमकी त्याच रेषेवर येते. पंचवटी एका पानावर, नाशिकरोड आणि देवळाली दुसऱ्या पानावर. त्र्यंबकहून निघालेली गोदावरी शहर ओलांडेपर्यंत नकाशावर पाहायची, तर चार कागद जोडून ठेवावे लागतात : ४७ ई/९, ४६ एच/१२, ४६ एच/१६ आणि ४७ ई/१३. हे आकडे आधी समजून घेतले तर पुढचे काम सोपे होते.

भारत आणि आसपासचा प्रदेश चार अंश रुंद आणि चार अंश उंच अशा मोठ्या चौकटींत वाटलेला आहे. ४६ क्रमांकाची चौकट ७२ ते ७६ अंश पूर्व रेखांश आणि २० ते २४ अंश उत्तर अक्षांश एवढी. तिच्या लगेच खाली ४७ क्रमांकाची, १६ ते २० अक्षांशांची. प्रत्येक चौकटीचे एकेक अंशाचे सोळा तुकडे, त्यांना ए ते पी अशी अक्षरे. त्या तुकड्याचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा भाग, त्यांना १ ते १६ आकडे. मोजायचे मात्र वरून खाली. डावा स्तंभ संपला की शेजारचा. आपला हात सवयीने डावीकडून उजवीकडे जातो आणि तिथेच बहुतेक जण चुकतात.

त्र्यंबकेश्वर घेऊ. ते साधारण १९ अंश ५६ मिनिटे अक्षांशावर आणि ७३ अंश ३२ मिनिटे रेखांशावर आहे. अक्षांश विसाच्या खाली, म्हणून चौकट ४७. रेखांश ७३ ते ७४ च्या दरम्यान आणि अक्षांश १९ ते २०, म्हणून दुसऱ्या स्तंभाचे पहिले घर, ई. आता मिनिटे पाहा. रेखांशाची ३२ मिनिटे तिसऱ्या स्तंभात आणि अक्षांशाची ५६ मिनिटे सर्वांत वरच्या ओळीत पडतात, तिथले घर ९. झाले, ४७ ई/९. याच रीतीने सुरगाणा ४६ एच/१० वर मिळते, सप्तशृंगी गड ४६ एच/१५ वर, साल्हेर ४६ एच/१४ वर आणि इगतपुरी ४७ ई/१० वर. कळसूबाई त्याच ४७ ई/१० मध्ये, इगतपुरीच्या आग्नेयेला. अशा एका पानावर सुमारे सव्वासातशे चौरस किलोमीटर मुलूख मावतो.

हे कागद दोन पिढ्यांचे आहेत. जुनी पिढी एका इंचाला एक मैल, म्हणजे १:६३,३६० प्रमाणाची. दशमान पद्धत आल्यावर निघालेली दुसरी पिढी १:५०,००० ची. तिच्यावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. पानाची चौकट दोन्हींत तीच राहिली, म्हणून आजोबांच्या काळचा ४७ ई/९ आणि नातवाच्या काळचा ४७ ई/९ शेजारी ठेवून पाहता येतात. नाशिकच्या डोंगराळ पट्ट्याचा अभ्यास करणाऱ्याला ही मोठीच सोय आहे आणि ती फारशी कुणी वापरत नाही, हे मला खटकते.

सर्वेक्षण विभाग १७६७ सालचा. लॅम्ब्टन या सर्वेक्षकाने १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून देशभरच्या त्रिकोणमापनाला सुरुवात केली, त्याच्यामागून आलेल्या एव्हरेस्टने ते काम पुढे नेले. पण त्या त्रिकोणांनी फक्त डोंगरांची टोके एकमेकांशी बांधली. मधली नदी, वाडी, पायवाट भरण्याचे काम नंतरच्या सर्वेक्षकांनी प्लेन टेबल घेऊन केले. तिपाईवर सपाट फळी, फळीवर कागद, कागदावर दोन-तीन शिखरांच्या जागा आधीच टिपलेल्या. सर्वेक्षक उंच जागी उभा राहून त्या शिखरांवर नेम धरी, रेषा ओढी आणि रेषा जिथे छेदत तिथे आपण उभे आहोत हे ठरवी. मग समोर दिसेल ते तिथेच, त्याच उन्हात, कागदावर उतरवी. टेकडीआडची घळ दिसत नसेल तर तिथवर चालत जावे लागे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, १९०५ च्या सुमारास, नकाशांच्या कामाची फेरआखणी झाली आणि आज ओळखीचे वाटणारे रंगीत, समोच्च रेषांचे टोपोशीट त्यानंतर तयार होऊ लागले. पुढे विमानातून घेतलेली छायाचित्रे आली. तरी गावाचे नाव विचारायला माणूस गावात जातच राहिला.

जुने शीट हातात आले की डोंगरांकडे नंतर बघावे, आधी समास वाचावा. तिथे दोन वेगवेगळी वर्षे छापलेली असतात, मोजणीचे आणि आवृत्तीचे. दुकानात, वाचनालयात, संगणकावर सगळे जण आवृत्तीचे वर्ष सांगतात. खरे वर्ष मोजणीचे. आवृत्ती नवी आणि मोजणी जुनी, असे सर्रास आढळते; मधल्या काळात एखादा रस्ता किंवा धरण तेवढे वरून घातलेले असते. एकाच पानाचे वेगवेगळे कोपरे वेगवेगळ्या हंगामांत मोजलेले असू शकतात, त्याचा छोटा आराखडाही समासातच असतो. तो पाहिल्याशिवाय ‘अमुक साली इथे जंगल होते’ असे विधान करू नये.

आता रंग. निळे ते पाणी, हिरवे ते झाडोऱ्याचे रान, पिवळी ती लागवडीची जमीन, तपकिरी समोच्च रेषा, लाल रस्ते आणि वस्ती, काळ्यात नावे, हद्दी आणि रेल्वे. घाटमाथ्यावर खूप काही सांगतो तो काळा रंग. बारमाही वाहणारा ओढा निळा काढतात, आणि पावसाळा सरला की कोरडा पडणारा ओढा काळा. इगतपुरी भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तरी तिथल्या पानावर डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यांचे जाळे बव्हंशी काळेच असते. पाऊस किती पडतो ही एक गोष्ट आणि तो किती थांबतो ही दुसरी. उन्हाळ्यात टँकर का लागतो, याचे उत्तर या काळ्या रेषांनी कधीच देऊन ठेवले आहे. दोन पिढ्यांच्या शीटवर एखाद्या ओढ्याचा निळा भाग आखडलेला दिसला, तर ती बाब गावात जाऊन विचारावी. त्यामागचे कारण नकाशा देत नाही.

समोच्च रेषा म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणारी रेषा. १:५०,००० च्या शीटवर आपल्या डोंगरी भागात दोन रेषांमध्ये वीस मीटरांचा फरक, आणि दर पाचवी रेषा जाड. एक हिशेब करून पाहा. पट्टीने एक सेंटिमीटर मोजा, म्हणजे जमिनीवरचे पाचशे मीटर. त्यात दहा अंतरे मोजली तर चढ दोनशे मीटरांचा. पाचशेला दोनशे, म्हणजे चाळीस टक्के उतार. तिथे नांगर चालत नाही, फार तर नागली-वरई. तेवढ्याच सेंटिमीटरात एकच अंतर आले तर उतार चार टक्के, तिथे भाताची खाचरे निघतात. सरकारी दप्तरात ज्याला वरकस म्हणतात ती जमीन आणि खाचराची जमीन यांतला फरक अशा रीतीने बसल्या जागी मोजता येतो.

सह्याद्रीत या रेषांची एक खास ठेवण आहे. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले. काही थर कठीण, काही झिजरे. त्यामुळे इथला डोंगर एकसारखा चढत नाही, पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. नकाशावर रेषा आधी विरळ, मग एकदम चिकटलेल्या, मग पुन्हा विरळ. जिथे त्या चिकटतात तिथे कडा, आणि वरच्या विरळ भागात माची. त्र्यंबकजवळच्या अंजनेरी आणि ब्रह्मगिरी या डोंगरांच्या पानावर हे स्पष्ट दिसते. पाड्यांची जागाही यातून उलगडते : वस्ती बहुधा कड्याच्या पायथ्याच्या पट्टीवर, जिथे दोन थरांच्या सांध्यातून झरा फुटतो. समोच्च रेषांच्या या पट्ट्या बोटाने धरून पाहिल्या तर एका उंचीवर ओळीने पाडे लागतात.

पाणी कुठे वाटले जाते, हे पाहायला ब्रह्मगिरीइतकी चांगली जागा दुसरी नाही. रेषांनी केलेले ‘व्ही’ पाहा. ‘व्ही’चे टोक चढाकडे असेल तर ती घळ, उताराकडे असेल तर ती सोंड. सोंडांची टोके जोडत वर गेले की पाणलोटाची धार मिळते. ब्रह्मगिरीवर पूर्वेला उतरणारी घळ गोदावरीची. तिचे पाणी १,४६५ किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच डोंगररांगेतून, अगदी थोड्या अंतरावरून पश्चिमेला वैतरणा निघते आणि अरबी समुद्राला जाते. पेन्सिलीने ही धार उत्तरेकडे ओढत नेली की एका बाजूला दमणगंगा, नार, पार राहतात, दुसऱ्या बाजूला कादवा आणि गिरणा. पेठ, सुरगाण्याचे बहुतेक पाणी पश्चिमेला का जाते आणि ‘पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी गोदावरीत आणा’ ही मागणी नाशिकमध्ये पुन्हा पुन्हा का उठते, हे या एका रेषेवरून कळते. काही ठिकाणी धार उंच कड्याची आहे, काही ठिकाणी ती इतकी बसकी की दोन-तीन समोच्च रेषांत संपते. ऊर्ध्व वैतरणेचे पाणी मुकणे धरणाकडे वळवण्याची चर्चा होते ती अशाच बसक्या खिंडीमुळे. भाषणे ऐकण्यापूर्वी शीट पाहिलेले बरे.

धरणांच्या बाबतीत जुने शीट आणखी एक काम करते. दारणा धरण १९१६ चे, गंगापूर १९६५ चे, ऊर्ध्व वैतरणा १९७० च्या दशकातले. त्याआधीच्या मोजणीच्या पानावर आज पाण्याखाली असलेले खोरे कोरडे आहे : नदीचे वळण, काठची शेते, गाड्यांची वाट, देऊळ. आणि गंमत अशी की धरणाची पाणपातळी माहीत असेल, तर जुन्या पानावरची त्या उंचीची समोच्च रेषा शोधावी. आजच्या जलाशयाचा काठ बराचसा तिच्यावर बसतो. धरणाने उठलेल्या गावांच्या नव्या पिढीला जुनी जागा दाखवायला याहून चांगले साधन मला ठाऊक नाही.

रानाचा हिरवा रंग मात्र जपून वाचावा. त्यावर ‘ओपन मिक्स्ड जंगल’, ‘डेन्स मिक्स्ड जंगल’, ‘ओपन स्क्रब’ असे शेरे रोमन लिपीत छापलेले असतात. त्यांतून झाडोऱ्याची दाटी कळते. राखीव जंगलाची हद्द ही निराळी गोष्ट, ती ठिपक्यांच्या रेषेने दाखवतात. राखीव हद्दीच्या आत पिवळा तुकडा आणि झोपडीची खूण दिसली, तर त्याचा अर्थ एवढाच की मोजणीच्या वर्षी तिथे लागवड आणि वस्ती होती. आता पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी या तालुक्यांत एवढीच गोष्ट फार मोलाची आहे. वन हक्क कायदा २००६ चा. त्याखालील नियमांतल्या तेराव्या नियमात पुराव्यांची यादी आहे आणि तीत गॅझेटिअर, जमाबंदीचे अहवाल, उपग्रहचित्रे यांच्याबरोबर नकाशेही आहेत. आदिवासी दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवायचा असतो, तर इतर पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा वास. दुसऱ्या गटासाठी जुन्या मोजणीचे शीट विशेष उपयोगी. पण शीटवर कसणाऱ्याचे नाव नसते. म्हणून ते एकटे पुरत नाही. नियमांनीही एकाहून अधिक पुरावे पाहायला सांगितले आहे. वडीलधाऱ्यांचे जबाब, जुन्या दंडाच्या पावत्या, विहीर, थडगी, देवस्थान यांच्या जोडीला शीट लावावे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी निघालेल्या मोर्चाच्या मागण्यांत वनजमिनीचा प्रश्न अग्रभागी होता. वन हक्काच्या हजारो दाव्यांना असे कागद किती जोडले गेले असतील, याची मला शंकाच आहे.

नावांचे प्रकरण थोडक्यात सांगतो. सर्वेक्षकाने ऐकले तसे लिहिले, इंग्रजी वर्णांत. पेठचे ‘पेइंट’ झाले. गाव सापडत नसेल तर आजच्या नावाचा हट्ट सोडून ओढा आणि टेकडीवरून जागा धरावी.

मोठा गोंधळ होतो तो टोपोशीट आणि गावनकाशा यांच्यात. लोक बांधाच्या भांडणात टोपोशीट घेऊन येतात. ते निरुपयोगी आहे, आणि का, हे आकड्यांत पाहू. एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट गुणिले तेहतीस फूट. इंचाला मैल या प्रमाणात तेहतीस फुटांची लांबी कागदावर मिलिमीटरच्या सहाव्या हिश्श्याएवढी येते. १:५०,००० वर पेन्सिलीची अर्ध्या मिलिमीटरची रेघच जमिनीवर पंचवीस मीटर रुंद होते. बांध त्या रेघेत गडप. शिवाय टोपोशीटवर ना सर्व्हे नंबर, ना गट, ना मालक.

मालकी जाणणारा कागद दुसराच. १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात जी रयतवारी मोजणी बसवली, तिची रीत १८४७ च्या संयुक्त अहवालाने पक्की झाली, आणि नाशिकच्या भागातही ती १८४० च्या दशकात पोचली. तेहतीस फुटांची शंकू साखळी, तिचे सोळा आणे, चाळीस गुंठ्यांचा एकर. शेताचे टिपण साखळीने, मातीची खोली आणि दोष पाहून तिची प्रत आण्यांत, आणि या सगळ्यावरून आकार, म्हणजे शेतसारा. गावनकाशा साधारण एक इंचाला वीस साखळ्या, म्हणजे १:७,९२० प्रमाणाचा. टोपोशीटपेक्षा सहा-आठपट मोठा. यात शेताचा कोपरा न् कोपरा आहे, पण उंची-उतार काहीच नाही. साल्हेरचा कडा आणि निफाडचे सपाट रान गावनकाशावर सारखेच सपाट. पुढे १९४७ च्या एकत्रीकरण कायद्याखाली गट पडले, तेव्हा जुने सर्व्हे नंबर आणि सातबाऱ्यावरचा गट यांचा मेळ लावायलाही भूमी अभिलेख कार्यालयातूनच कागद काढावा लागतो.

म्हणजे एका नकाशाला उतार कळतो, मालक कळत नाही. दुसऱ्याला मालक कळतो, उतार कळत नाही. डोंगरी गावाला दोन्ही हवेत. पाणलोटाचे काम ‘माथा ते पायथा’ करायचे म्हणतात, तेव्हा माथा टोपोशीटवर असतो आणि ज्याच्या रानातून चर जाणार त्याचे नाव गावनकाशावरून काढावे लागते. दोन्ही जोडायला एक धागाही आहे. तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात त्या दगडाला टोपोशीटच्या खुणांच्या यादीत स्वतंत्र चिन्ह आहे. असे दोन-तीन दगड दोन्ही कागदांवर सापडले की एक नकाशा दुसऱ्यावर बसवता येतो. चराची आखणी मात्र कागदावरून करू नये. वीस मीटरांच्या अंतराने काढलेल्या रेषांच्या मधे काय दडले आहे हे शीट सांगत नाही, तिथे समपातळी दाखवणारी ए-फ्रेम किंवा पाण्याची नळी घेऊन रानातच उतरावे.

संगणकावर हे काम अधिक सोपे होते. स्कॅन केलेल्या शीटच्या चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश छापलेलेच असतात. ते क्यूजीआयएससारख्या नकाशांच्या मोफत प्रणालीत भरले की शीट उपग्रहचित्रावर येऊन बसते. एक खाच आहे. जुनी शीटे एव्हरेस्टच्या गोलाभावर, म्हणजे त्याने धरलेल्या पृथ्वीच्या आकारावर, मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरच्या आरंभबिंदूला धरून काढलेली. मोबाइलचे जीपीएस वेगळ्या गोलाभावर चालते. हे प्रणालीला सांगितले नाही तर आपल्याकडे सगळे शंभरेक मीटरांनी सरकते. ओढा टेकडीवर चढलेला दिसला की समजावे, इथेच चूक आहे.

आता हे कागद मिळवायचे कुठे? २००५ च्या नकाशा धोरणानंतर सर्वेक्षण विभागाने नागरिकांसाठी नवी खुली मालिका काढली, तिचे क्रमांक आणि गोलाभ जुन्याहून वेगळे आहेत. २०१७ पासून त्यांतली १:५०,००० ची पाने संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. २०२१ मध्ये नकाशांवरचे निर्बंध आणखी सैल झाले. जुन्या आवृत्त्यांसाठी विभागाच्या पुण्यातल्या कार्यालयात चौकशी करावी, तसेच महाविद्यालयांच्या भूगोल विभागांत. तिथल्या कपाटांत त्या वर्षानुवर्षे पडून आहेत. अमेरिकी लष्कराने १९५० च्या दशकात छापलेली १:२,५०,००० ची भारताची पाने टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. ती ढोबळ आहेत, पण डोंगररांग आणि घाटवाटा एका नजरेत पाहायला पुरतात. गावनकाशा, टिपण आणि फाळणीच्या नकला तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून मिळतात. वन हक्काच्या दाव्याला जोडायची असेल तर नक्कल प्रमाणित घ्यावी आणि अर्जात शीटच्या क्रमांकाबरोबर मोजणीचे वर्षही लिहावे.